होसे रिझालचा शाळाप्रवेश, मनिला १८७२ : एक प्रकरण अभ्यास

फिलिपिन्सचा राष्ट्रनायक होसे रिझाल याचं बालपण सांगायची एक ठरलेली चाल आहे. तिसऱ्या वर्षी मुळाक्षरं, लहानपणीच कविता, शाळेत सगळ्या विषयांत पहिला, मग युरोप, दोन कादंबऱ्या आणि ३५ व्या वर्षी स्पॅनिश सरकारच्या गोळ्या. आपल्याकडे थोर पुरुषांची चरित्रं शाळेत जशी शिकवतात तशीच ही गोष्ट आहे: मुलगा पाळण्यापासूनच थोर, बाकीचे सगळे सभोवार उभे.

तो हुशार होता याबद्दल वाद नाही. पण नुसत्या हुशारीनं कुणी शाळेत पोचत नाही, कुणीतरी पोचवावं लागतं. म्हणून इथे त्याच्या हुशारीपेक्षा घरच्यांच्या एका निर्णयाकडे बघू. १८७२ चा जून महिना. आई तुरुंगात, थोरल्या भावाचं नाव सरकारी संशयाच्या छायेत, आणि अशा घरानं ११ वर्षांच्या मुलाला मनिलाला शिकायला पाठवलं. ते कसं जमलं, कुणाच्या जोरावर जमलं आणि त्याची किंमत कुणी मोजली, एवढंच हे प्रकरण.

या काळाची बरीचशी माहिती रिझालच्याच आठवणींतून येते. त्या त्यानं १८७८ ते १८८१ दरम्यान, म्हणजे १७ ते २० या वयात, 'पी. हासिंतो' या टोपणनावानं लिहिल्या. विशीतल्या मुलानं स्वतःबद्दल लिहिताना जेवढा रंग भरायचा तेवढा त्यात भरलेला आहे, हे ध्यानात ठेवून ती वाचावी.

घर

रिझालचा जन्म १९ जून १८६१ चा, लगुना प्रांतातल्या कालांबा गावचा. गाव लगुना सरोवराच्या काठावर, आणि जमीन डॉमिनिकन पंथाच्या पाद्र्यांची. होसेचे वडील फ्रान्सिस्को मेर्कादो या पाद्र्यांचे कूळ होते. पण कूळ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जो माणूस येतो तसे नव्हेत. भात आणि ऊस, पोटकुळं हाताखाली, गावातलं मोजक्या दगडी घरांपैकी एक घर, आणि घरात हजाराच्या वर पुस्तकं. मात्र खंड पाद्र्यांनी ठरवायचा आणि तो वाढला तर दाद मागायची सोय नाही. श्रीमंती होती, पण ती दुसऱ्याच्या जमिनीवर उभी होती. पुढचं सगळं समजायला ही एक गोष्ट पुरे.

आई तेओदोरा आलोन्सो मनिलाच्या सांता रोसा कॉलेजात शिकलेली. त्या काळच्या फिलिपिनो बाईला एवढं शिक्षण मिळणं दुर्मीळच. होसेची पहिली शिक्षिका तीच. ११ भावंडं, त्यांत मुलगे दोनच: पाचियानो आणि दहा वर्षांनी धाकटा होसे.

प्राथमिक शिक्षण सांगायला फार वेळ नको. घरी शिकवणीचे मास्तर आले. त्यांतले लिओन मोनरॉय हे वडिलांचे जुने वर्गमित्र, ते घरातच राहून लॅटिन शिकवत, पण काही महिन्यांतच वारले. मग १८६९ मध्ये पाचियानोनं होसेला घोडागाडीत घालून शेजारच्या बिन्यान गावी आत्याकडे नेऊन सोडलं. तिथल्या हुस्तिनियानो आक्विनो क्रूस या मास्तरांशी झालेली पहिली भेट होसेनं लिहून ठेवली आहे. स्पॅनिश येतं का? थोडं येतं, सर. लॅटिन? थोडं येतं, सर. वर्ग खो खो हसला. सगळ्यात मोठ्यानं हसला मास्तरांचा मुलगा पेद्रो. त्याच दुपारी होसेनं पेद्रोला कुस्तीत लोळवलं. शाळेत छडी रोजची होती, आणि पहिला नंबर आला तरी चुकत नव्हती. दीड वर्षात मास्तरांजवळचं शिकवण्यासारखं संपलं, आणि डिसेंबर १८७० मध्ये तो 'तालिम' नावाच्या आगबोटीनं घरी परतला.

इथवर हे कुठल्याही सुखवस्तू घरातल्या मुलासारखंच झालं.

१८७२ : पहिले सहा महिने

२० जानेवारी १८७२ च्या रात्री मनिलाजवळच्या काविते इथल्या शस्त्रागारात शिपाई आणि कामगार मिळून सुमारे २०० जणांनी बंड केलं. कारण पोटापाण्याचं होतं. या लोकांना पूर्वापार कर आणि वेठबिगार माफ होती, ती नव्या गव्हर्नर-जनरलनं, इस्किएर्दोनं, काढून घेतली. दोन दिवसांत बंड मोडलं. पण सरकारनं त्याला देशव्यापी कटाचं रूप दिलं आणि तीन फिलिपिनो पाद्र्यांना त्यात गोवलं: मारियानो गोमेस, होसे बुर्गोस आणि हासिंतो सामोरा. चर्चमधल्या जागा स्थानिक पाद्र्यांना मिळाव्यात अशी मागणी करणारी ही माणसं, त्यामुळे स्पॅनिश पंथांना ती आधीपासूनच खुपत होती. १७ फेब्रुवारीला बागुम्बायानच्या मैदानात, गर्दीसमोर, लोखंडी कडीनं गळा आवळून तिघांना ठार केलं.

पाचियानो तेव्हा २१ व्या वर्षात. मनिलात सान होसे कॉलेजात शिकत होता आणि राहायला होता याच फादर बुर्गोसकडे. गुरू गेला, आणि त्याच्या घरी राहिलेला म्हणून पाचियानोचं नावही संशयितांत धरलं जाऊ लागलं. त्यानं शिक्षण सोडलं आणि कालांबाला येऊन शेती बघायला लागला. हुशार होता, वाचणारा होता. कॉलेज सुटलं ते सुटलंच.

त्याच सुमाराला दुसरा घाव बसला. आईच्या भावाचं, होसे आल्बेर्तोचं, बायकोशी बिनसलं होतं आणि तो घटस्फोटाच्या गोष्टी करत होता. तेओदोरानं मध्ये पडून मिटवायचा प्रयत्न केला. झालं उलटंच. भावजयीनं तक्रार केली की नवऱ्यानं आणि नणंदेनं मिळून मला विष घालायचा बेत केला. सिव्हिल गार्ड म्हणजे स्पॅनिश सरकारचं सशस्त्र पोलीस दल, त्याच्या तिथल्या लेफ्टनंटला निमित्त मिळालं. त्याचा राग जुना होता: आपल्या घोड्याला वैरण दिली नाही म्हणून तो रिझालच्या वडिलांवर डूख धरून होता. गावच्या मुख्यानंही त्याचीच री ओढली. तेओदोराला अटक झाली आणि कालांबापासून प्रांताची राजधानी सांता क्रूसपर्यंत, सुमारे ५० किलोमीटर, चालत नेलं. सरोवरातून होडी जात होती. तरी चालत. नंतर अडीच वर्षं ती तुरुंगात होती. शेवटी मनिलाच्या वरच्या न्यायालयात ती निर्दोष ठरली.

म्हणजे जून १८७२ मध्ये घरची अवस्था अशी: आई कच्च्या कैदेत, वकिलांचा खर्च सुरू, थोरल्याचं शिक्षण संपलेलं, आणि त्यांचा जमीनमालक असलेल्या पाद्री वर्गानंच नुकतीच तीन पाद्र्यांची फाशी बघून समाधानानं मान डोलावलेली. कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता, धाकट्याला गावातच ठेवा, शेतीला लावा, दोन वर्षं डोकं वर काढू नका.

त्यांनी त्याला मनिलाला पाठवलं.

दाखला

नेणारा अर्थातच पाचियानो. १० जूनला होसेनं सान हुआन दे लेत्रान कॉलेजात प्रवेशपरीक्षा दिली: ख्रिस्ती धर्मतत्त्वं, अंकगणित, वाचन. पास झाला. मग कालांबाच्या जत्रेसाठी दोघे गावी आले आणि परत मनिलाला गेले ते दुसऱ्याच शाळेच्या दारात. वडिलांनी लेत्रानचा बेत बदलून आतेनेओ म्युनिसिपालचं नाव घेतलं होतं.

माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा काटा इथे फिरला. लेत्रान डॉमिनिकनांचं, म्हणजे जमीनमालकांचं. आतेनेओ जेझुइट या दुसऱ्या पंथाच्या पाद्र्यांचं. जेझुइटांना स्पेननं १७६८ मध्ये फिलिपिन्समधून हाकललं होतं आणि ते १८५९ मध्ये परत आले. आल्यावर त्यांना गावोगावच्या जमिनी मिळाल्या नाहीत, त्यांच्या हाती शाळा आली. तिथे विज्ञान शिकवत. वेधशाळाही होती. कालांबाच्या कुळाला जेझुइटांशी खंडाचं देणंघेणं नव्हतं. जमीनमालकाच्या शाळेत मुलगा घालायचा की परक्याच्या, एवढा हिशोब फ्रान्सिस्कोनं नक्की केला असणार. हा माझा तर्क आहे, पण त्या वर्षीच्या घडामोडी बघता दुसरं काही सुचत नाही.

आतेनेओत फादर माजिन फेर्रांदोनं नकार दिला. कारणं दोन: नोंदणीची मुदत टळली आहे, आणि मुलगा वयाच्या मानानं फारच किरकोळ, अशक्त दिसतो. दुसरं कारण खोटं नव्हतं. होसे लहान चणीचाच होता.

मग वशिला लागला, आणि तो कुणाचा बघा. मानुएल खेरेस बुर्गोस, फाशी गेलेल्या फादर बुर्गोसचा पुतण्या. ज्या नात्यापायी पाचियानोला कॉलेज सोडावं लागलं, त्याच नात्यातल्या माणसानं धाकट्यासाठी शब्द टाकला आणि दार उघडलं. मनिलातलं फिलिपिनो सुशिक्षितांचं वर्तुळ किती छोटं होतं ते यावरून कळतं. ओळख जिवावर बेतणारी होती आणि ओळखीवाचून पान हलत नव्हतं.

नाव नोंदवताना पाचियानोनं आणखी एक काम केलं. घरचं चालू आडनाव मेर्कादो. 'रिझाल' हे दुसरं आडनाव कागदावर घराकडे आलेलं होतं, पण रोजच्या व्यवहारात कुणी वापरत नसे. पाचियानो स्वतः मेर्कादो म्हणून मनिलात ओळखला जात होता, म्हणजे ते नाव बुर्गोसच्या घराशी जोडलेलं. होसेचा दाखला रिझाल या नावानं झाला. पुढे ज्या नावानं रस्ते, शाळा आणि एक प्रांत ओळखला जाऊ लागला, ते नाव संशयापासून वाचण्यासाठी पुढे केलेली आड होती.

राहायची सोय? कोटाबाहेर काराबालो रस्त्यावर तिताय नावाच्या बाईच्या घरी. ही बाई रिझाल कुटुंबाचे ३०० पेसो देणं लागत होती. म्हणजे मुलाचं राहणं-जेवण झालं आणि बुडीत कर्जाची वसुलीही. वकिलांवर पैसा जात असताना ही तजवीज बारीक आहे.

आतेनेओचं तंत्र

जेझुइटांची वर्ग चालवण्याची तऱ्हा ऐकण्यासारखी आहे. वर्गाचे दोन भाग: 'रोमन साम्राज्य' म्हणजे वसतिगृहात राहणारी मुलं, आणि 'कार्थेजचं साम्राज्य' म्हणजे बाहेरून येणारी. एकाचा झेंडा लाल, दुसऱ्याचा निळा. प्रत्येक साम्राज्यात सम्राट, त्याखाली ट्रिब्यून, डेक्युरियन, सेंच्युरियन अशी रोमन पद्धतीची पदं, आणि झेंडेवाला. वरच्या पदावरच्या मुलाला खालच्यानं आव्हान द्यायचं, प्रश्न विचारायचे, तीन चुका झाल्या की पद गेलं. बुद्धिमान पण पोरवयाच्या मुलांना झुंजवायला याहून चांगली युक्ती सापडणार नाही. ती चांगली शिक्षणपद्धती आहे का, याबद्दल मला शंका आहे. मागे पडणाऱ्याचं काय होत असेल ते सम्राटांच्या आठवणींत कधी येत नाही.

होसे नवा, उशिरा आलेला, स्पॅनिश कच्चं. कार्थेजच्या रांगेत अगदी शेवटी बसला. आठवडाभरात वर सरकू लागला, महिन्याअखेर सम्राट झाला आणि बक्षीस म्हणून एक धार्मिक चित्र मिळालं. ते पहिलं चित्र त्याला पुढच्या कुठल्याही पदकापेक्षा मोलाचं वाटलेलं दिसतं. स्पॅनिश सुधारावं म्हणून तो दुपारच्या सुट्टीत सांता इसाबेल कॉलेजात शिकवणीला जाई, महिना ३ पेसो देऊन. चरित्रं सम्राटपद सांगतात, पण या शिकवणीबद्दल मात्र एका ओळीत उरकतात. दुपारची सुट्टी मोडून दुसऱ्या शाळेत जाणारा ११ वर्षांचा मुलगा मला सम्राटापेक्षा जास्त पटतो.

त्याच वर्षाच्या उत्तरार्धात एका शिक्षकाचं काही बोलणं त्याला लागलं आणि त्यानं अभ्यासातून मन काढलं. वर्षाअखेरीस दुसरा आला. सुट्टीत घरी गेला तेव्हा वडिलांना न सांगता एकटाच सांता क्रूसच्या तुरुंगात आईला भेटायला गेला आणि शाळेतलं सगळं तिला सांगितलं. घरी तुरुंग आणि शाळेत लाल-निळे झेंडे, अशा दोन जगांत वावरणाऱ्या मुलाचा एखादा शब्दानं पाय घसरला यात नवल ते काय.

१८७४ मध्ये आई सुटली. १८७५ मध्ये होसे वसतिगृहात आला, आणि फादर फ्रान्सिस्को दे पाउला सान्चेस हे शिक्षक लाभले. त्यांच्याबद्दल त्यानं आयुष्यभर आदरानं लिहिलं. त्यांनी त्याच्याकडून कविता लिहून घेतल्या आणि त्या तपासल्याही. २३ मार्च १८७७ ला, वयाची १६ पुरी व्हायच्या आत, तो सर्वोच्च श्रेणीत पदवीधर झाला.

निर्णय कुणाचा?

आता मूळ प्रश्नाकडे. १८७२ मध्ये आईला विचारायची सोयच नव्हती. विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती ते १८७७ मध्ये कळलं. होसेला सान्तो तोमास विद्यापीठात घालायचा विषय निघाला, तेव्हा तिनं साफ विरोध केला. याला पुरेसं येतंय, याहून जास्त शिकला तर त्याचं मुंडकं उडवतील, असं तिचं म्हणणं होतं. अशिक्षित आईची ही भीती नव्हती. ती स्वतः शिकलेली होती, आणि लेफ्टनंटची खुन्नस कायद्याचे कपडे घालून दारात येते म्हणजे काय, हे तिनं अडीच वर्षं भोगलं होतं. वडील काहीच बोलले नाहीत, पण पाचियानोला म्हणाले, याला मनिलाला घेऊन जा.

चरित्रकार इथे सहसा आईच्या दूरदृष्टीला दाद देतात आणि पुढे जातात. मला वाटतं, पाचियानोची बाजू अजून नीट मांडलेलीच नाही. दोन मुलगे होते. एकाचा रस्ता बंद झाला होता. एकानं शेती सांभाळायची आणि दुसऱ्यानं शिकायचं ही वाटणी १८७२ च्या त्या जूनमध्ये झाली, तोंडी झाली असो वा मुक्यानं. तीच पुढे दोन दशकं टिकली. होसेनं १८८९ मध्ये मारियानो पोन्से या सहकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात म्हटलं की १८७२ घडलं नसतं तर मी आज जेझुइट असतो आणि 'नोली मे तांगेरे' ही कादंबरी लिहिण्याऐवजी त्याच्या बरोब्बर उलट काहीतरी लिहिलं असतं. फाशीचा संदर्भ धरून हे वाक्य लोक उद्धृत करतात. ते बरोबरच आहे. पण १८७२ ची आच त्या घरात कोण घेऊन आलं? फाशी गेलेल्या माणसाच्या घरी राहिलेला भाऊ. होसेला बुर्गोस माहीत झाला तो पाचियानोच्या तोंडून.

सान्तो तोमासमध्ये होसेचे गुण उतरले. ते डॉमिनिकनांचं विद्यापीठ, म्हणून 'द्वेषानं गुण कापले' हे स्पष्टीकरण लोकप्रिय आहे. तिथे फिलिपिनो विद्यार्थ्यांना हिडीसफिडीस करत हे खरं, त्यानं पुढे कादंबरीत त्याचा चांगलाच समाचार घेतला. पण एवढंच कारण पुरत नाही. त्याच वेळी तो आतेनेओत जमीनमोजणीचा अभ्यासक्रम करत होता (परीक्षा १८७८ मध्ये पास झाला, पण वय बसत नसल्यानं परवाना मिळायला १८८१ उजाडलं), काव्यस्पर्धा जिंकत होता, प्रेमातही पडला होता. आणि वैद्यक त्यानं निवडलं ते बरंचसं आईची दृष्टी अधू होत चालली होती म्हणून. मन कवितेत आणि पुस्तक शरीरशास्त्राचं, असल्या विद्यार्थ्याचे गुण कुठल्याही विद्यापीठात असेच येतील.

दुसरा दाखला

३ मे १८८२ ला होसे 'साल्वादोरा' बोटीनं सिंगापूरमार्गे युरोपला निघाला. आई-वडिलांना कळू दिलं नाही. ठरवणारा पुन्हा पाचियानो. त्यानं ३५६ पेसो हातात दिले, सातुर्निना या बहिणीनं हिऱ्याची अंगठी दिली. आणि पासपोर्ट काढला तो होसे मेर्कादो या नावानं. दहा वर्षांपूर्वी मेर्कादो लपवायला रिझाल पुढे केला होता. आता काव्यस्पर्धांमुळे रिझाल हे नाव मनिलात माहीत झालं होतं, तेव्हा जुनं आडनाव परत कामाला आलं.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात त्यानं माद्रिदच्या विद्यापीठात वैद्यक आणि तत्त्वज्ञान-साहित्य अशा दोन्ही शाखांत नाव घातलं. पैसे पाचियानो पाठवी, आधी महिना ५० पेसो. मग पिकं बुडाली, खंड वाढला, ५० चे ३५ झाले. जून १८८४ मध्ये होसेनं ग्रीकच्या परीक्षेत बक्षीस मिळवलं, त्या दिवशी तो उपाशी होता असं त्याच्या रोजनिशीत आहे. त्याच महिन्यात त्याला वैद्यकातली लायसेन्शिएट ही, म्हणजे डॉक्टरकी करता येणारी, पदवी मिळाली. डॉक्टरेटचा अभ्यासही झाला, पण प्रबंध आणि फी राहिली, त्यामुळे तो कागद कधी हाती आला नाही.

'नोली' १८८७ मध्ये छापून आल्यावर त्याची किंमत कालांबाच्या घरानं मोजली. खंडाच्या वादातून डॉमिनिकनांनी कुटुंबाला जमिनीवरून आणि घरातून काढलं. पाचियानोची मिन्दोरो बेटावर रवानगी झाली. १८९१ मध्ये आईला पुन्हा पकडलं, कारण काय तर आडनाव नीट लावलं नाही, आणि ६४ व्या वर्षी मनिलापासून सांता क्रूसपर्यंत पुन्हा पायी चालवलं. तिनं १८७७ मध्ये जे भाकीत केलं होतं ते मुलाच्या आधी तिलाच भोगावं लागलं.

त्यानंतर कुटुंब हाँगकाँगला होसेकडे पोचलं. तिथे तो लायसेन्शिएटच्या पदवीवर डोळ्यांचा दवाखाना चालवत होता आणि तो बऱ्यापैकी चालत होता. तिथेच त्यानं आईच्या डोळ्याचं ऑपरेशन केलं.